परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी: शाळा खरी की खोटी, कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. करून शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीची वाट पाहणारे, एम.ए., सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर कॉलेजात राबणारे, इंग्लिश मीडियमच्या खासगी शाळेत हातात निम्मा पगार घेऊन पूर्ण पावतीवर सही करणारे. परदेशातल्या नोकरीची चौकशी माझ्याकडे बहुतेक यांच्यापैकीच कुणीतरी करतं. शिक्षण सेवकांचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तरी ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपयेच झालं. अशा माणसाच्या मोबाइलवर 'बँकॉक, राहणं फ्री' असं काही आलं की त्याचा जीव वर-खाली होणारच. मी थायलंडमध्ये शिकवून आले आहे. आता ओळखीपाळखीतल्यांचे करार वाचून देते. पुढचे प्रश्न त्यांनीच पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते तरी का?

मिळते, पण सगळीकडे नाही. म्हणून शाळेच्या आधी देश तपासायचा. ज्या देशाचा कायदाच तुम्हाला ती नोकरी देत नाही, तिथल्या जाहिरातीत बाकी काही तपासायला उरतच नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरियामधला सेपा हा व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला आणि आपल्यासाठी एक दार किलकिलं झालं. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असेल, तर तिथल्या प्राथमिक-माध्यमिक शाळांत सहायक शिक्षक म्हणून जाता येतं. ही सोय शाळांपुरतीच आहे. हागवॉन म्हणजे तिथले खासगी क्लास त्यात येत नाहीत. 'सोलच्या हागवॉनसाठी इंडियन टीचर पाहिजेत' अशी जाहिरात दिसली की शाळेचं नाव, फोटो, पगार काहीही वाचू नका.

चीनचंही तसंच. इंग्रजी शिकवण्याचा कामाचा परवाना तिथे साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना किंवा त्या देशांतून पदवी घेतलेल्यांना मिळतो. भारतीयांना 'बिझनेस व्हिसावर या' किंवा 'स्टुडंट व्हिसा काढून देतो' असं सांगितलं जातं, त्याचं कारण हेच. पकडलं तर कोठडी आणि हकालपट्टी तुमच्या वाट्याला येते, दलालाच्या नव्हे. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणल्यापासून तो धंदाच आक्रसला आहे.

जपानमध्ये शाळांत भाषा शिकवण्यासाठी जो 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा लागतो, त्याला त्या भाषेतून १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून वर आलेल्यांना हा अडथळा मोठा आहे. इंग्रजीवर कितीही प्रभुत्व असलं तरी कागद नसतो.

राहिले थायलंड, व्हिएतनाम, मालदीव आणि आखाती देश. आपली माणसं खरोखर शिकवतात ती मुख्यतः या पट्ट्यात. पुढचं बहुतेक सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

गोऱ्यांना जास्त पगार आणि आपल्याला कमी, हे खरं आहे का?

खरं आहे आणि ते लपूनछपून चालत नाही. थायलंडच्या जाहिरातीत दोन पगार सरळ छापलेले असतात, एक इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातल्यांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. मला हे अन्यायाचं वाटतं. पण शाळा ओळखायच्या दृष्टीने त्यातही एक खूण आहे. भारतीय उमेदवाराला गोऱ्यांच्या वरचा पगार, तोही अनुभव न विचारता, कुणी देऊ करत असेल तर ती शाळा नाही.

ऑफर लेटर आलंय. खरं की खोटं, घरबसल्या कसं तपासू?

पत्र शांतपणे, तुकड्या-तुकड्याने वाचा. अलीकडे विदर्भातल्या एका मुलीने पाठवलेलं पत्र माझ्यासमोर आहे. त्यावरूनच सांगते.

माथ्यावर थायलंड सरकारचं गरुडचिन्ह आणि खाली एका खासगी भाषा-शाळेचं नाव. खासगी शाळा सरकारी बोधचिन्ह डोक्यावर घेऊन पत्र पाठवत नाही, पहिली शंका तिथेच. पगार अमेरिकी डॉलरमध्ये लिहिलेला. थायलंडमधली शाळा पगार बाहतमध्ये देते आणि करारातही बाहतच लिहिते. ई-मेल फुकटच्या सेवेवरचा. आता तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये, लहान शाळाही तसा मेल वापरतात. पण याच शाळेची वेबसाइट होती, तिथे वेगळा पत्ता होता आणि त्या पत्त्यावर मेल टाकल्यावर 'आमची अशी कुठलीही भरती नाही' असं उत्तर आलं. कामाच्या रकान्यात फक्त 'अध्यापन व इतर ऑनलाइन कामे'. कुठली इयत्ता, वर्गात मुलं किती, आठवड्याला तास किती, एक अक्षर नाही. पदवीची प्रत मागितलेली नाही, डेमो लेसन घेतलेला नाही. रुजू व्हायची मुदत दहा दिवस. आणि शेवटी लिहिलेलं की विमानतळावरून गाडीने 'कॅम्पस'वर नेण्यात येईल, मे सोत.

या शेवटच्या दोन शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला. शाळेचा पत्ता बँकॉकचा, आणि मे सोत हे म्यानमारच्या सीमेवरचं गाव. नदीपलीकडे म्यावाडी. तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर इंग्रजी बोलणारी तरुण मुलं नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबली जातात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून मे सोतहून ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं. नोकरीचं नाव दर वेळी बदलतं. कधी डेटा एंट्री, कधी डिजिटल मार्केटिंग. शिक्षकही होऊ शकतं, कारण त्यांना हवं असतं ते इंग्रजी. लाओस, कंबोडिया, म्यानमार यांपैकी कुठल्याही सीमेजवळचं ठिकाण पत्रात दिसलं तर नकाशा उघडून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

तपासायची सोपी रीत अशी. पत्रातला फोन नंबर बाजूला ठेवायचा. शाळेचं नाव स्वतः शोधायचं, तिच्या वेबसाइटवरच्या ऑफिसच्या नंबरवर तिथल्या कामाच्या वेळेत फोन लावायचा आणि भरती कोण बघतं ते विचारायचं. खऱ्या शाळेत फोन उचलणाऱ्याला बहुधा इंग्रजी येत नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो, मागे मुलांचा गलका असतो. खोट्या ठिकाणी पहिल्याच रिंगला अस्खलित हिंदी ऐकू येते.

एजंट दीड लाख मागतोय. म्हणतो, नोकरीची गॅरंटी. द्यावे का?

नाही.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख मागणारा तिथेच कायद्याबाहेर गेला. 'फी तीसच हजार, बाकी प्रोसेसिंगचे' ही पळवाट जुनी आहे.

यादीत नाव दिसलं म्हणजे झालं, असंही नाही. परवाना आजच्या तारखेला चालू आहे का आणि पत्ता तोच आहे का, ते पाहा. नाव एका कंपनीचं आणि पैसे मात्र कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर, असं असेल तर उठून या.

आणखी एक गोष्ट पदवीधरांच्या लक्षात येत नाही. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरी, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, लागत नाही. मजूर आखातात निघाला की त्याचा करार सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जातो. शिक्षकाचा जात नाही. विमानतळावर तुम्हाला कुणी अडवणार नाही, याचा अर्थ तुमचा करार कुणीही तपासलेला नाही.

'आधी टुरिस्ट म्हणून या, इथे आल्यावर वर्क परमिट करू' असं शाळा म्हणते. चालतं का?

अख्ख्या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. शाळा किती जुनी, इमारत किती उंच, वेबसाइट किती छान, याने मला काही फरक पडत नाही. मी एकच बघते: तुम्ही विमानात बसायच्या आधी शाळेने स्वतःच्या नावाने तुमच्यासाठी सरकारदरबारी काही अर्ज केला आहे का? परदेशी शिक्षक ठेवायचा तर जबाबदारी शाळेची असते. ती घ्यायची तयारी नसलेली शाळा पगाराची जबाबदारी तरी का घेईल?

थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. त्यासाठीची कागदपत्रं शाळा पाठवते, तुम्ही ती थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर अर्जासोबत जोडता. तिथे पोहोचल्यावर शाळा वर्क परमिट काढते. शिवाय खुरुसफा, म्हणजे तिथली शिक्षक परिषद, हिची परवानगी लागते. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांसाठी शाळा तात्पुरती परवानगी मागते, ती दोन वर्षांची असते. आपल्या बी.एड.ला इथे किंमत आहे, ते मुलाखतीत ठासून सांगा. अनेक शाळा बिगर-मातृभाषिकांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुणही मागतात.

आता टुरिस्ट म्हणून उतरून वर्गात उभं राहिलात तर? विनापरवाना काम केल्याचा दंड ५,००० ते ५०,००० बाहत आणि वर हकालपट्टी. मुदत संपूनही राहिलात तर दिवसाला ५०० बाहत, कमाल २०,०००. काही शाळा शिक्षकांना दर काही आठवड्यांनी सीमेपलीकडे जाऊन शिक्का मारून यायला लावतात. 'सगळे असंच करतात' हे वाक्य तेव्हा ऐकायला मिळतं. करतात, हे खरंच आहे. पण इमिग्रेशनवाला ज्या दिवशी परत आत सोडत नाही, त्या दिवशी तुमची बॅग खोलीवर, पगार शाळेकडे आणि तुम्ही सीमेवर.

प्रामाणिक शाळाही कधीकधी 'इथे येऊन व्हिसा बदलू' म्हणते, कारण काही ठिकाणी तशी कायदेशीर तरतूद असते. मग त्यांना तीन गोष्टी लेखी मागा: बदल कुठल्या व्हिसात, किती दिवसांत, आणि परमिट हातात येईपर्यंत तुम्ही वर्गात उभे राहणार नाही. तिसऱ्या मुद्द्यावर गडबड सुरू झाली की समजायचं.

आखातात हाच खेळ व्हिजिट व्हिसावर चालतो. अमिरातीने ऑगस्ट २०२४ मध्ये परवान्याविना माणूस कामाला लावणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅम केला. एवढं होऊनही शाळा व्हिजिटवर बोलावत असेल तर तिच्या बेफिकिरीची कल्पना करा.

मोठी, नावाजलेली साखळी असेल तर निर्धास्त राहावं का?

जपानमधली नोव्हा ही त्या देशातली सगळ्यात मोठी इंग्रजी क्लासची साखळी होती. स्टेशनाबाहेर तिच्या पाट्या, टीव्हीवर जाहिराती. विद्यार्थ्यांकडून शेकडो तासांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यावर नव्या शाखा उघडायच्या, असा धंदा. जून २००७ मध्ये सरकारने फी-परताव्याबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल नवे दीर्घ करार करायला सहा महिने बंदी घातली. मग पगार लांबायला लागले, आणि ऑक्टोबरमध्ये कंपनी कोर्टात संरक्षण मागायला गेली. हजारो परदेशी शिक्षक बिनपगारी अडकले. त्यातला सगळ्यात झोंबणारा भाग घरभाड्याचा. कंपनी शिक्षकांच्या पगारातून भाडं कापत होती आणि घरमालकांना पोहोचवत नव्हती. पगार नाहीच, वर घर खाली करायची नोटीस.

ही जुनी गोष्ट म्हणाल, तर व्हिएतनामची अ‍ॅपॅक्स लीडर्स ताजी आहे. देशभर केंद्रं, पालकांकडून आगाऊ घेतलेली फी, मग २०२२ पासून धडाधड बंद होणाऱ्या शाखा, फी परत मागणाऱ्या पालकांच्या रांगा आणि पगार थकलेले शिक्षक. संस्थापक मार्च २०२४ मध्ये अटकेत गेला.

दोन्हीकडचं दुखणं एकच होतं. म्हणून साखळी-क्लासच्या बाबतीत नाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: पालकांकडून फी किती काळाची आगाऊ घेता, आणि गेल्या वर्षभरात पगार कुठल्या तारखेला झाले? दुसरा प्रश्न व्यवस्थापकाला नाही, तिथल्या शिक्षकाला विचारायचा. पगार आठ दिवस उशिरा झाला तर ती ढिलाई असू शकते. सलग तिसऱ्या महिन्यात उशीर झाला, तर पुढच्या नोकरीचे अर्ज त्याच रात्री टाकायला घ्यायचे.

दुबई-अबुधाबीच्या शाळा तपासायची काही सरकारी सोय आहे?

आहे, आणि ती बाकी ठिकाणांपेक्षा बरी आहे. दुबईत केएचडीए ही यंत्रणा खासगी शाळांवर देखरेख ठेवते. तिचे तपासणी अहवाल आणि शाळेची श्रेणी सर्वांसाठी खुले आहेत. अबुधाबीत हेच काम अडेक करते. अहवालातली श्रेणी पालकांसाठी, तुमच्या कामाचा मजकूर शिक्षकांच्या बदल्या-राजीनाम्यांच्या उल्लेखात असतो. 'शिक्षक सतत बदलतात' हे वाक्य अहवालात दिसलं तर ती शाळा शिक्षकांना टिकवू शकत नाही.

शाळा स्वतःला आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळांची म्हणवत असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. सीबीएसईची म्हणत असेल तर सीबीएसईच्या परदेशी संलग्न शाळांच्या यादीत. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक ते करत नाहीत.

अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, परीविक्षा म्हणजे प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही, आणि पासपोर्ट मालकाला ताब्यात ठेवता येत नाही. कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर ठरावीक नमुन्यातलं असतं, त्यावर सही झाल्यावरच पुढचं सगळं. शाळेच्या लेटरहेडवरचं गोड पत्र आणि मंत्रालयाच्या नमुन्यातले आकडे जुळत नसतील, तर मंत्रालयाचं तेच खरं. बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवायची चाल तिथेही आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, हे ध्यानात ठेवून आकडा बघा.

मालदीवबद्दल फार कुणी बोलत नाही. तिथे जावं का?

माझ्या मते पहिल्या परदेशी नोकरीसाठी मालदीव चांगलं आहे. शाळांचं माध्यम इंग्रजी, भारतीय शिक्षकांची तिथे जुनी परंपरा, आणि सरकारी शाळांची भरती शिक्षण मंत्रालयामार्फत होते, त्यामुळे मालक कोण हे स्पष्ट असतं. पण मालदीव म्हणजे जाहिरातीतलं रिसॉर्ट नाही. तुमची नेमणूक ज्या बेटावर होईल ते पायी पालथं घालायला अर्धा तास पुरतो. भाजी बोटीने येते. आजारी पडलात तर मोठा दवाखाना दुसऱ्या बेटावर. म्हणून राजधानी मालेपासून बेट किती लांब, बोट किती दिवसांनी, घर शाळा देते की तुम्ही शोधायचं, हे आधी विचारा. नुसतं 'मालदीव' म्हणून होकार देऊ नका.

आणि एक सांगून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही: पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत, कस्टमवाले अडवतात. आईने बॅगेत घातलेला छोटा गणपती घरीच ठेवा.

मुलाखतीत आपण काय विचारावं? वाईट नाही का दिसत?

आपल्याकडे संस्थाचालकासमोर खाली मान घालून बसायची सवय लागलेली असते. तिथे उलट आहे. काहीच न विचारणारा उमेदवार त्यांना घायकुतीला आलेला वाटतो.

माझा आवडता प्रश्न: 'मी ज्यांच्या जागी येणार आहे ते का सोडून गेले? त्यांच्याशी बोलता येईल का?' चांगली शाळा लगेच नंबर देते किंवा निदान सध्याच्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलणं करून देते. त्या शिक्षकाशी बोलताना मुख्याध्यापक कॉलवर नसावेत. त्याला शाळा 'चांगली आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणेल. त्याला त्याचा मंगळवार विचारा. किती वाजता आलात, किती तास घेतलेत, मधल्या वेळात काय केलंत, घरी किती वाजता पोहोचलात. खरं काय ते मंगळवारात कळतं. व्हिएतनामच्या भाषा-केंद्रांत काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, ही गोष्ट मुलाखतीत कुणी आपणहून सांगत नाही, पण मंगळवार विचारला की बाहेर येते.

व्हिडिओ कॉलवर वर्ग दाखवायला सांगा. पाठ्यपुस्तक कुठलं, ते विचारा. पुस्तकाचं नाव न सांगता येणारी खरी शाळा मी अजून पाहिलेली नाही.

करारात नेमकं काय बघायचं?

पहिलं, मालक कोण. थायलंडमध्ये पुष्कळ शिक्षक शाळेचे नसतातच, पुरवठादार एजन्सीचे असतात. एजन्सी शाळेकडून घेते एक आकडा, तुम्हाला देते दुसरा. यात बेकायदा काही नाही, पण भांडण झालं तर शाळा हात वर करते. वर्क परमिटवर ज्याचं नाव तोच करारावर हवा.

दुसरं, करार किती महिन्यांचा. थाई शाळेचं वर्ष मे ते मार्च, मध्ये ऑक्टोबरची सुट्टी. दहा महिन्यांचा करार म्हणजे उन्हाळ्यात बिनपगारी. पगार कमी पण बारा महिने, हे बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. वर्षाचा एकूण आकडा काढून तुलना करा.

तिसरं, तास. 'आठवड्याला २० तास' म्हणजे शिकवण्याचे की शाळेत हजर राहण्याचे? सकाळी गेटवर उभं राहून मुलांचं स्वागत, शनिवारची इंग्रजी शिबिरं, प्रवेशाच्या मोसमात वेशभूषा करून मॉलमध्ये पत्रकं वाटणं, हे सगळं 'इतर कामे' या दोन शब्दांत मावतं.

चौथं, सोडून जायचं कलम. एक महिन्याची नोटीस वाजवी. 'मुदतीआधी सोडल्यास तीन पगार भरावे' किंवा 'पहिला पगार अनामत म्हणून राखून ठेवू' हे वाजवी नाही. हे कलम काढायला सांगा. काढलं नाही तर जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तरी नाही म्हणेन.

करार तिथल्या भाषेत आणि इंग्रजीत असा दोन्हीकडे असेल, तर वादाच्या वेळी कुठला ग्राह्य हे एका ओळीत लिहिलेलं असतं. बहुधा त्यांच्या भाषेतला. तो मजकूर मोबाइलवर भाषांतर करून पगार, मुदत आणि दंड हे तीन आकडे तरी जुळतात का, ते ताडून घ्या.

टेफलचा कोर्स करू का? सोबत 'शंभर टक्के प्लेसमेंट' देतात.

टेफल म्हणजे परक्या भाषकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, ती एका मंडळाची परीक्षा नाही. कुणीही संस्था त्या नावाने कोर्स काढू शकते, आणि काढतातही. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' देणारी संस्थाही कधीकधी त्यांचीच असते. सगळीकडे चालणारी दोनच नावं निःशंक सांगता येतील: केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटीचं सर्ट-टेसॉल. सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि त्याचं निरीक्षण होतं. महाग आहे, पण शाळांना त्याचं वजन आहे. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स व्हिसाच्या फायलीत एक कागद म्हणून उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही. बी.एड. आणि दोन वर्षांचा अनुभव असणाऱ्याने आधी देशाचे नियम बघावेत, कोर्स लागत नाही असंही निघू शकतं. आणि जो कोर्सच नोकरीची हमी देतो, त्याचा धंदा कोर्स विकण्याचा आहे. 'प्लेसमेंट' म्हणून एजन्सीच्या तीन लिंका मेलवर येतात.

कागदपत्रांत आपल्याकडच्या माणसांची अडचण कुठे होते?

नावात. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्न झालेल्या बाईची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. तिकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, तीही साक्षांकित करून, आधीच जवळ ठेवा.

दुसरी अडचण पदवी प्रमाणपत्राची. प्रोव्हिजनलवर काम भागत नाही, दीक्षांत समारंभाचं मूळ प्रमाणपत्र लागतं, आणि ते अनेकांनी विद्यापीठातून उचललेलंच नसतं. मग राज्य शासनाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एकमेकांचे कागद मान्य करणारा अपोस्टिल करार पाळणाऱ्या जपान, कोरिया, ओमान, बहरीन, सौदी अशा देशांसाठी तिथेच काम संपतं. अमिरातीसारख्या देशांसाठी दूतावासाचा शिक्काही लागतो. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून. या सगळ्यात आठवडे जातात. म्हणूनच दहा दिवसांत रुजू व्हायला सांगणारी शाळा मला खोटी वाटते. खऱ्या शाळेला हे वेळापत्रक तुमच्याआधी माहीत असतं.

ऑनलाइन अभिप्राय वाचून ठरवावं का?

वाचा, पण तारखा बघत. एकाच आठवड्यात आलेले दहा पंचतारांकित अभिप्राय शाळेनेच लिहून घेतलेले असतात. 'मुख्याध्यापक वाईट आहेत' याला मी फार किंमत देत नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही. 'माझी अनामत परत दिली नाही' असं तीन वेगळ्या वर्षांत तीन वेगळ्या माणसांनी लिहिलं असेल तर मात्र मी ते खरं धरते.

तिथे पोहोचल्यावर गडबड लक्षात आली तर?

पासपोर्ट रजिस्ट्रेशनसाठी मागितला तर देण्याआधी त्याचा, व्हिसाच्या पानाचा आणि घेणाऱ्याचा फोटो काढा, परत कधी देणार ते मेसेजवर लिहून घ्या. दोन-चार दिवसांत परत आला नाही तर भारतीय दूतावासाला कळवा. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदवली की तिला क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. पैसे भारतातल्या एजंटाने खाल्ले असतील तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर लगेच फोन करा. व्यवहार ताजा असेल तर खातं गोठवता येतं. पोलिस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून वाटेला लावायला बघतात. विनानोंदणी भरती हा उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे, हे लेखी तक्रारीतच लिहा.

गाडी ठरलेल्या शहराऐवजी दुसरीकडे निघाली असं वाटलं तर भिडेखातर बसून राहू नका. पेट्रोल पंप, दुकान, पोलिस चौकी, जिथे माणसं दिसतील तिथे उतरा. सामान गेलं तर जाऊ दे.

किती पैसे गाठीशी बांधून निघावं?

परतीच्या तिकिटाचे, आणि तिथल्या दोन महिन्यांच्या भाड्या-जेवणाचे. पहिला पगार बहुधा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी हातात येतो, कारण बँक खातं वर्क परमिटशिवाय उघडत नाही आणि भाड्याची अनामत मात्र पहिल्याच दिवशी द्यावी लागते. ही रक्कम कर्ज काढून उभी करू नका. हप्ता चालू असलेला माणूस वाईट शाळा सोडून परत येत नाही. शाळांनाही हे कळतं, आणि काही जण मुलाखतीत 'घरी लोन वगैरे आहे का' असं सहज विचारून घेतात. उत्तर 'नाही' असंच द्या.